दोन भाऊ व एक भूमि
अब्राहाम मरण पावला तेव्हा इसहाक व इश्माएल या दोघा पुत्रांनी मिळून त्यास मकपेलाच्या गुहेत पुरिले (उत्पत्ति २५:९). यहूदी लोक इसहाकास व अरब लोक इश्माएलास आपला मूळपुरुष मानितात, आणि हेब्रोन येथील ती गुहा दोघांसही पवित्र आहे. तथापि त्याच नगरात १९२९ साली अरबांच्या दंग्यात ६७ यहूदी मारिले गेले. आणि १९९४ साली गुहेवरील मशिदीत एका यहूद्याने नमाज पढणारे २९ मुसलमान गोळ्या घालून ठार केले. मग समेटाची आशा कोठे? १९२९ च्या त्याच दंग्यात कित्येक अरबांनी यहूदी शेजाऱ्यांस आपल्या घरांत लपवून वाचविले, त्यात ती आम्हांस दिसते. तहाने सीमा ठरेल. परंतु या भूमीत दुसऱ्याचाही हक्क आहे व त्याच्या मृतांसाठीही शोक करणे योग्य आहे, असे दोघेही कबूल करतील तेव्हाच शांति टिकेल.