देवाचा 'पुत्र' म्हणजे नेमकं काय?



पेडणे तालुक्यातलं आमचं मोपा आता विमानतळामुळे सगळ्यांना ठाऊक झालंय. इथे आम्ही कॅथलिक थोडे. शेजारी भजन आणि दशावतार, आमची मिस्सा कोंकणीतून, आणि शाळेत सगळ्यांची मराठी. त्यामुळे एक प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे : "देवाचो पूत? मग देवाची बायल कोण?" विचारणारा चेष्टा करत नसतो. पुराणकथांतल्या देवांना संसार असतो, म्हणून प्रश्न साहजिकच आहे. उत्तर द्यायचं तर आधी शब्द तपासायला हवा.

'मशीहा' हिब्रू, 'ख्रिस्त' ग्रीक. दोन्हींचा अर्थ एकच, अभिषिक्त. इस्राएलात राजाला तेलाचा अभिषेक होई. 'देवाचा पुत्र' हे संबोधनही येशूच्या आधीचं आहे. निर्गम ग्रंथाच्या ४ थ्या अध्यायात देव अख्ख्या इस्राएलाला आपला पुत्र म्हणतो. २ शमुवेलच्या ७ व्या अध्यायात दाविदाच्या वंशातल्या राजाला तसं म्हटलंय. तिथे पुत्र म्हणजे देवाने निवडलेला, त्याच्या जवळचा. बायकोचा प्रश्न तिथेही येत नाही.

मग येशूही एवढ्याच अर्थाने पुत्र का? शुभवर्तमानं याच्या पुढे जातात. मार्कच्या १४ व्या अध्यायात, मरणाच्या आदल्या रात्री, येशू देवाला 'अब्बा' म्हणतो. ही घरातली हाक आहे. योहान तर सांगतो, की जो आरंभापासून देवाजवळ होता आणि स्वतः देव होता, तोच माणूस झाला. म्हणजे हे पुत्रत्व नंतर मिळालेला मान नव्हे. ते जगाच्याही आधीपासूनचं नातं आहे.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूने शंका काढली : पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ खरा, पण तोही देवाने निर्माण केलेलाच. ३२५ साली निकेयाच्या परिषदेने हे नाकारलं. पुत्र पित्यापासून आहे, पण निर्मिलेला नाही. दोघांचं सत्त्व एकच, असं तिने ठरवलं. फरक साधा आहे. कुंभार मडकं घडवतो, ते मातीचंच राहतं. त्याला लेक झाला, तर तो माणूसच असतो. अर्थात दाखला इथेच थांबवायचा. माणसांत बाप आधी, मुलगा नंतर. देवात आधी-नंतर नाही आणि देहही नाही.

हा नुसता शब्दांचा वाद वाटेल, पण तसा तो नाही. येशू निर्मिलेला असेल, तर क्रूसावरचं दुःख देवाने दुसऱ्या कुणावर ढकललं असं होईल. तो खरा देव असेल, तर देव स्वतःच आपल्या दुःखात उतरला. आमची श्रद्धा या दुसऱ्या वाक्यावर उभी आहे.

हे सगळं मराठीत सांगायचं अवघड काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केलं. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये राशोल इथे त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! पेडणे तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हतं. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस गेलं. स्टीफन्सनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. श्रोत्याला घरचं वाटेल असं सगळं. पण घरच्या शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही येतो. 'पुत्र' म्हटलं की संसार आठवतो, 'अवतार' म्हटलं की दहा आठवतात. म्हणूनच आज मराठी ख्रिस्ती लेखनात 'देहधारण' हा शब्द दिसतो : एकदाच घडलेलं, आणि पुन्हा उतरवून न ठेवलेलं माणूसपण.

आता शेजाऱ्याला काय सांगायचं? मी असं सांगते : देवाला बायको नाही. 'पुत्र' हा शब्द त्याच्या घरातली माणसं मोजायला नाही. पिता आणि येशू यांच्यात काहीच परकं नाही, हे सांगायला आहे. आणि पौल गलतीकरांना लिहितो, की त्याच्यामुळे आपणही देवाची मुलं होतो, दत्तक म्हणून. दत्तक म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घराचं नाव मिळतं, वारसा मिळतो, आणि बापाला 'बाबा' म्हणायचा पूर्ण हक्कही.