चाळीस काऊंट आणि चार नंबर

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे चाळीस-साठ काऊंटचं सूत रोज पाहण्यातलं. आता क्रोशा शिकते आहे. लोकरीच्या वेष्टनावर ‘४’, ‘८ प्लाय’ असं लिहिलेलं असतं. हे आकडे काऊंटशी कसे जुळवायचे? मागावरचं उरलेलं सूत क्रोशाला चालेल का?
— एक वाचक, राहनाळ (भिवंडी)

उत्तर : ताई, गोंधळ होतो तो आकडे उलटसुलट चालतात म्हणून. सुती काऊंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. त्यामुळे साठचं सूत चाळीसपेक्षा बारीक. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तिथे आकडा वाढला की धागा जाड. वेष्टनावरचे ० ते ७ हे अंक अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलचे, आणि तेही जाडीनुसार चढत जातात : ० लेसचा धागा, ४ मध्यम, ७ सर्वांत जाड. प्लाय म्हणजे पदर. पण पदर बारीकही असतात, जाडही. म्हणून नुसत्या प्लायवर विसंबू नका.

सगळ्यांना लागू पडणारं माप एकच : १०० ग्रॅममध्ये किती मीटर. चाळीस काऊंटचं एकेरी सूत १०० ग्रॅममध्ये सुमारे ६,७७० मीटर भरतं, तर ४ नंबरची लोकर साधारण २०० मीटर. म्हणजे तेवढ्या जाडीसाठी तुमचे चौतीसेक पदर एकत्र धरावे लागतील. त्यांना एकत्र पीळ नसल्यामुळे सुईचं टोक पदरांच्या मधेच घुसतं आणि टाका फाटतो.

म्हणून उरलेल्या सुतात स्वेटर नको. जाळीचा रुमाल किंवा तोरण जरूर करा. बारा पदर घेतले की १०० ग्रॅमला सुमारे ५६५ मीटर होतात. त्याला दीड-दोन मिलिमीटरची सुई घ्या. बारा पदर आधी एकत्र पिळून गुंडा करून ठेवा. बीमचं सूत सायझिंगच्या खळीमुळे कडक असतं, तेव्हा बाण्याच्या कांडीवरचं घ्या.

वेष्टन हरवलेली लोकर असेल तर पट्टीवर एका इंचात धागा न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा. ९ ते १२ वेढे बसले तर ४ नंबर, ११ ते १५ बसले तर ३. मधे अडलं तर १० सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजा. मोठं काम हाती घेण्याआधी एवढी एक संध्याकाळ दिलीत, तर नंतर उसवण्याची वेळ सहसा येत नाही.