अल्टरनेटर बदललाय? फवारणीआधी आरपीएम मीटर तपासा



अल्टरनेटर बदलल्यावर ट्रॅक्टरचं आरपीएम मीटर बिघडलं, तर लगेच नवं मीटर घेऊ नका. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये मीटरला सिग्नल अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून येतो. (केबलवरचं जुनं मीटर असेल तर केबलच बघा.)

काटा शून्यावरच? 'डब्ल्यू'ची वायर जोडायची राहिली असेल, नाहीतर नव्या अल्टरनेटरला ते टर्मिनलच नसेल.

काटा हलतो पण चुकीचं दाखवतो, हे जास्त धोक्याचं. लक्षातच येत नाही. समजा जुनी पुली ७० मिमीची होती आणि नवी ८० ची बसली. अल्टरनेटर हळू फिरतो, मीटर कमी दाखवतं. तुम्ही काटा ५४० पीटीओच्या खुणेवर आणता, पण पीटीओ फिरतो सुमारे ६१७ नं! ब्लोअरचा पंखा, पंप, गिअरबॉक्स सगळ्यांवर ताण आणि डिझेल जास्त. पुली लहान बसली तर उलटं: हवा कमी पडते, औषध द्राक्षवेलीच्या आतल्या पानांपर्यंत पोचत नाही.

म्हणून दोन्ही पुल्या मोजा, जुन्या मापाचीच बसवा. माप सारखं असूनही फरक आला तर आतल्या पोलची संख्या वेगळी असू शकते. मूळ पार्ट नंबरचाच अल्टरनेटर मागा.

खात्रीसाठी हातातला डिजिटल टॅकोमीटर वापरा. अवजार सोडवा, इंजिन बंद करून किल्ली काढा, मग पीटीओ शाफ्टच्या टोकाला चमकपट्टी चिकटवा. चालू केल्यावर लांबूनच मोजा. उपरणं, ओढणी, सैल बाही नको. दुरुस्ती होईपर्यंत, खरे ५४० येतात तिथे मीटरच्या काचेवर मार्करनं खूण करून ठेवा.