बिलावरची तारीख कोणाच्या घड्याळाची?

काही वर्षांपूर्वी एका रात्री हिशोब करताना आमच्या दुकानातल्या मालाचा मेळ बसेना. उधारीवर गेलेले तागे दिवसाच्या विक्रीत दिसत नव्हते. आम्ही काउंटरवरच्या मुलावर संशय घेतला, दोन कडक शब्दही बोललो. मग कळले की बिले कॉम्प्युटरमध्येच होती, फक्त त्यांच्यावर २०१० सालची तारीख पडली होती. त्या मशीनमधला नाण्याएवढा सेल संपला होता आणि वीज जाऊन आली की त्याचे घड्याळ मागे जात होते. मुलाची आम्ही माफी मागितली.

सगळी बिले ज्या मुख्य मशीनमध्ये साठतात तो सर्व्हर आणि काउंटरवरची मशीन म्हणजे क्लायंट. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते. प्रोग्राम काउंटरच्या घड्याळावरून तारीख घेत असेल तर जितकी मशीन तितक्या तारखा होतात. कोणी मुद्दाम तारीख मागे करून बिल फाडले तरी ते चालून जाते. म्हणून तारीख सर्व्हरलाच विचारली पाहिजे. त्याच्या रीती अशा:

१) डेटाबेसला विचारणे. एसक्यूएल सर्व्हर असेल तर 'सिलेक्ट गेटडेट' आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असेल तर 'सिलेक्ट नाऊ', दोन्हींपुढे रिकामा कंस. कोणत्याही काउंटरवरून विचारले तरी उत्तर सर्व्हरच्याच घड्याळाचे येते. त्याहून चांगले म्हणजे बिल साठवताना डेटाबेसनेच तारीख घालावी, काउंटरने ती पाठवूच नये.

२) नुसती वेळ पाहायची असेल तर विंडोजमध्ये 'नेट टाइम' लिहून पुढे दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचे नाव द्यावे.

३) सर्व्हरचे घड्याळही बरोबर हवे. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एनटीपी नावाची सोय त्यावर चालू ठेवावी. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते.

आता पुष्कळ व्यापारी सर्व्हर भाड्याने घेतात. त्यात एक धोका आहे. असे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रमजानमध्ये आपली दुकाने मध्यरात्रीनंतरही उघडी असतात. २०२४ साली ३१ मार्चची रात्र रमजानमध्येच आली होती. त्या रात्री साडेबारा वाजता फाडलेले बिल १ एप्रिलचे, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाचे. पण यूटीसीवरचा सर्व्हर सांगणार, ३१ मार्च, संध्याकाळचे सात! बिल गेले मागच्या वर्षात आणि जीएसटीही चुकीच्या महिन्यात. म्हणून तारीख भारतीय वेळेत बदलून घेण्याची तजवीज प्रोग्राममध्ये करून घ्यावी.

प्रोग्राम करून देणाऱ्याला समोर बसवून एक परीक्षा जरूर घ्या. एका काउंटरचे घड्याळ एक दिवस मागे करा आणि चाचणीचे बिल काढा. त्यावर आजचीच तारीख आली तर काम बरोबर आहे. कालची आली तर दुरुस्ती झाल्याशिवाय पैसे चुकते करू नका. मालाचा मेळ बसला नाही तर माणसावर बोट ठेवण्याआधी घड्याळ पाहावे, हे आम्ही फार उशिरा शिकलो.