ल्युपसमधील मायक्रोआरएनए : संशोधन आणि विक्री

ल्युपस या विकारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. या प्रक्रियेत पेशी एकमेकींना निरोप कसे पोचवतात याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष एक्झोसोमकडे, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्म पिशव्यांकडे, गेले. त्यांत मायक्रोआरएनए असतात. सुमारे २२ घटकांचे हे रेणू प्रथिननिर्मितीला लगाम घालतात आणि त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युपसमुळे मूत्रपिंडदाह झालेल्या रुग्णांच्या लघवीतील एक्झोसोममध्ये एमआयआर-१४६ए हा रेणू वाढलेला आढळला आहे. परंतु असे अभ्यास लहान रुग्णगटांवरचे असून एक्झोसोम वेगळे काढण्याची पद्धतही प्रयोगशाळेगणिक बदलते, त्यामुळे त्यांवरून उपचार ठरवता येत नाहीत.

नेमके हेच मानोरा तालुक्यातील प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबापासून लपवले गेले. मोठ्या शहरातील एका खासगी केंद्राने तिच्या ल्युपसग्रस्त मुलीच्या रक्ताची महागडी मायक्रोआरएनए चाचणी करून आजार शांत असल्याचे सांगितले. पायांवर सूज आहे, लघवीला फेस येतो, हे लेखिकेने वारंवार सांगूनही लघवी तपासली गेली नाही. उलट खेड्यातल्या माणसांना नवे विज्ञान कळत नाही, असे तिलाच ऐकवण्यात आले. पुढे अकोल्यात लघवीत प्रथिने सापडली, नागपुरातील बायोप्सीत मूत्रपिंडदाह निश्चित झाला आणि आईची शंका रास्त होती हे कागदावर आले. त्या केंद्राने मात्र साधी दिलगिरीही व्यक्त केलेली नाही.

म्हणून ल्युपसच्या रुग्णाने दर भेटीत लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सी-३, सी-४ ही रक्तातील पूरक प्रथिने व डीएनएविरोधी प्रतिपिंडेही मोजावीत. नवी चाचणी सुचवणाऱ्याला नमुना रक्ताचा का, लघवीचा का नाही, आणि निकालानुसार कोणते औषध बदलणार, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे देऊ नयेत. ल्युपसवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध परस्पर बंद करू नये. सर्व कागद जपून ठेवावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. ज्या चाचणीचा अर्थ संशोधक अजून लावत आहेत, ती आजारी मुलीच्या आईवडिलांना निदान म्हणून विकणे हा अन्याय आहे, आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे.