शिकाऊ चालकाचे एकशेवीस तास

मोटार शिकणाऱ्या माणसाला रस्त्यावर एकटे सोडू नये, हे तत्त्व जवळजवळ सर्व देशांनी मान्य केलेले आहे. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही शिकाऊ परवानाधारकाबरोबर पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडीवर ताबा ठेवू शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा, असे सांगितले आहे. पांढऱ्या पाटीवरचा तांबडा ‘एल’ आपण रोज पाहतो. इथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढेच सुरू होतो. असा सराव किती तास झाला म्हणजे पुरे, आणि तो करवून घेणारे माणूस ज्याच्या घरी नाही त्याने काय करावे? वरवर पाहता हा वाहतूक खात्याचा किरकोळ प्रश्न वाटतो. पण कायद्यापुढील समता आणि प्रत्यक्षातील समता यांत अंतर कसे पडते, हे समजून घ्यायला विद्यार्थ्यांना याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

हे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. तेथील न्यू साउथ वेल्स राज्याने २००० साली शिकाऊ चालकांवर ५० तासांच्या सरावाची अट घातली आणि २००७ साली ती १२० तासांवर नेली. यांतले २० तास रात्रीचे हवेत. प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायची आणि शेजारी बसलेल्या परवानाधारकाने तिच्यावर सही करायची. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यानेही २००७ सालीच १२० तासांचा नियम केला. त्याच देशात वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र ५० तास पुरतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा मोठा आकडा हवेतून आलेला नाही. १९९३ साली स्वीडनने सराव सुरू करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले; परवाना मात्र पूर्वीप्रमाणेच अठराव्या वर्षी. ज्या मुलांनी या सवलतीचा लाभ घेतला त्यांचा सराव सरासरीने ११८ तासांच्या आसपास गेला, आणि परवाना मिळाल्यानंतर त्यांच्या अपघातांचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदवलेली होती. सवलतीचा लाभ सर्वांनी सारखा घेतला नव्हता. तो घेणारी मुले तुलनेने सुस्थितीतल्या घरांतली होती. म्हणजे अपघात कमी झाले ते किती सरावामुळे आणि किती घरच्या परिस्थितीमुळे, हा हिशेब पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. आकडा प्रवास करून ऑस्ट्रेलियात पोचला; त्याच्यासोबतची ही अट वाटेत कुठेतरी मागे राहिली, असे मला वाटते.

आता साधे गणित करू. वर्षभरात १२० तास म्हणजे दर आठवड्याला सुमारे दोन तास वीस मिनिटे. घरी गाडी असेल, आई किंवा वडील संध्याकाळी मोकळे असतील, पेट्रोलचा खर्च खटकत नसेल, तर हे सहज जमते. पण आई एकटीच कमावती असून रात्रपाळीला जात असेल तर? घरी दोन शिकाऊ असतील तर २४० तास झाले. नुकत्याच त्या देशात आलेल्या कुटुंबात पूर्ण ऑस्ट्रेलियन परवाना कोणाजवळच नसेल तर? नियम शब्दशः सर्वांना सारखाच आहे. मात्र तो जे मागतो ते मुलाच्या अंगी असण्यासारखे नाही. ते घरात असावे लागते. (प्रस्तुत लेखक स्वतः शेजाऱ्यांच्या गाडीवर शिकला. ते गृहस्थ रविवारी सकाळी सहाला उठत, म्हणून. त्यांना उशिरा उठण्याची सवय असती तर हा लेखक आजही बसच्या रांगेत असता.)

याची सर्वांत कठोर झळ ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना लागली. न्यू साउथ वेल्सच्या लेखापरीक्षकांनी २०१३ साली दाखवून दिले की, परवान्यास पात्र असलेल्या मूळ रहिवाशांपैकी निम्म्याहून कमी लोकांजवळ परवाना होता. इतरांत हे प्रमाण बरेच जास्त होते. दूरच्या वस्तीत परवानाधारक थोडे, म्हणून शेजारी बसायला माणूस नाही. दवाखाना, नोकरी, बाजार तर लांब, आणि बस नाही. मग विनापरवाना गाडी काढली जाते, दंड होतो, दंड थकतो, आणि थकलेल्या दंडापायी परवाना आणखी दूर जातो. पुढच्या पिढीच्या शेजारी बसणारा एक माणूस आणखी कमी होतो.

मग अटच काढून टाकावी काय? माझे मत तसे नाही. शिकाऊ चालक जाणत्या माणसाच्या शेजारी असतो तेव्हा त्याचे अपघात फार थोडे होतात. परवाना हाती पडून तो एकटा निघाला की पहिल्या काही महिन्यांत धोका एकदम चढतो. गरिबाच्या मुलाला तास माफ केले तर सवलत मिळेल ती लवकर एकटे निघण्याची, आणि बहुधा जुन्या गाडीत. याला न्याय म्हणणे कठीण आहे. तरीही नियमात ही पळवाट आहेच. न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशी पूर्ण केलेल्याला, आणि व्हिक्टोरियात एकविशी पूर्ण केलेल्याला, ही अट लागू नाही. ज्याला तास जमवता आले नाहीत तो तेवढी वर्षे थांबतो आणि एकाही नोंदवलेल्या तासाशिवाय परीक्षेला बसू शकतो. सुरक्षेसाठी केलेला नियम, सरावाची ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच असा सोडून देतो.

दुसरी सोय पैशाची. न्यू साउथ वेल्समध्ये परवानाधारक शिक्षकाकडे घेतलेला एक तास तीन तासांइतका धरतात, दहा तासांपर्यंत. म्हणजे १० तासांचे शुल्क भरले की वहीत ३० तास. शिक्षकाचा तास अधिक मोलाचा असेलही. पण ही सवलत ज्याच्या खिशात शुल्क आहे त्याच्याच कामाची. जर्मनीची रीत अगदी उलट. तिथे घरच्या माणसांबरोबरचा सराव अनेक वर्षे नियमात बसतच नव्हता; सगळे शिक्षण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, त्यांत महामार्ग, गावाबाहेरचे रस्ते आणि रात्र मिळून पंचेचाळीस मिनिटांचे बारा पाठ सक्तीचे. म्हणजे तेथे सारा भार पैशावर पडला आणि ऑस्ट्रेलियात घरच्या माणसांवर.

व्हिक्टोरियाने तिसरा मार्ग काढला, आणि तो मला पटतो. ‘एल टू पी’ नावाच्या योजनेत एकवीस वर्षांखालील ज्या मुलांना गाडी किंवा शेजारी बसणारे माणूस मिळत नाही, त्यांना स्थानिक संस्थांमार्फत गाडी दिली जाते आणि स्वयंसेवक शेजारी बसतात. तास तेवढेच, १२०. फक्त ते पुरवण्याची जबाबदारी घरावरून समाजावर आली. स्वयंसेवक पुरेसे मिळणे हीच या योजनेची खरी अडचण, कारण एका मुलासाठी एका माणसाच्या शंभराहून अधिक संध्याकाळी लागू शकतात.

आपल्याकडे घरी शिकणाऱ्यासाठी तासांची अट नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस थांबायचे, एवढेच. ड्रायव्हिंग स्कूलला मात्र हलक्या खाजगी वाहनासाठी किमान एकवीस दिवस आणि दहा तास प्रत्यक्ष चालवणे सांगितले आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे आणली. तेथे २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यांतले २१ तास प्रत्यक्ष. तो यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याला आरटीओपुढची चाचणी माफ. शुल्क अर्थातच उमेदवाराचे. बाकीच्यांना चाचणीसाठी गाडी स्वतःच आणावी लागते. आपल्या वसतिगृहातला खेड्यावरून आलेला मुलगा ती ड्रायव्हिंग स्कूलकडून त्या सकाळपुरती भाड्याने घेतो, आणि पुष्कळदा ज्या गाडीवर तो शिकला तीच ती नसते.