नारायण : रोज मारायची हाक



रविवारी एका मैत्रिणीच्या बाळाचं बारसं आहे. पणजोबांचं नाव ठेवा, असा आजीचा हट्ट. नाव – नारायण. मैत्रीण म्हणाली, "अगं, शाळेत पोरं नाऱ्या म्हणून चिडवतील!" म्हणून आजचं चिंतन या नावावरच.

आधी अर्थ पाहू. ‘नार’ म्हणजे पाणी आणि ‘अयन’ म्हणजे निवासस्थान. सृष्टीच्या आरंभीच्या जळावर ज्याचा निवास, तो नारायण. मनुस्मृती आणि विष्णुपुराण दोन्हींत हीच फोड आहे. ‘नार’ म्हणजे नरांचा समूह, त्यांचा आसरा तो नारायण, असाही अर्थ लावतात. आचमन करताना केशवानंतर लगेच हेच नाव येतं.

आपल्याकडे हे नाव घरोघरी होतं. समर्थ रामदासांचं मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. लग्नघरात सगळ्यांसाठी राबणारा पुलंचा ‘नारायण’ तर आपल्या ओळखीचाच!

पण मुलाला देवाचं नाव का द्यायचं? उत्तर भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. कान्यकुब्जचा अजामिळ आचार सोडून भरकटला, चोरी-जुगारावर जगला. त्याला दहा मुलं, धाकट्याचं नाव नारायण. वयाच्या 88व्या वर्षी यमदूत समोर आले. घाबरून त्याने लांब खेळणाऱ्या लेकाला हाक मारली, "नारायणा!" आणि विष्णुदूत धावून आले.

आपण गोष्ट इथेच थांबवतो. म्हणजे आयुष्यभर काहीही करा, शेवटी नाव घ्या, झालं? नाही. अजामिळाला तिथे मिळाला तो वेळ. तो वाचला, मनापासून पस्तावला, घर सोडून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला गेला आणि साधनेला बसला. मुक्ती त्यानंतरची. नावाने दार उघडलं, चालावं त्यालाच लागलं.

आणि ऐनवेळी ते नाव ओठांवर आलं कसं? त्या लेकराला जेवताना, खेळवताना रोज हाक मारली होती म्हणून. जे रोज तोंडात, तेच संकटात.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, "पोरं नाऱ्या म्हणोत, नारू म्हणोत. तू मात्र पूर्ण नावाने हाक मार."

आजचा अभ्यास : तुमच्याही घरात कुणी विठ्ठल, माधव, गोविंद असेल. आज त्यांना पूर्ण नावाने, प्रेमाने हाक मारून बघा.

नारायण, नारायण!